किल्ली कोणाकडे असते?

पोरी,

रविवारी तू आणि बाबा येऊन गेलात, तेव्हापासून मी स्वतःवरच चिडून आहे. तू ती फाइल उघडलीस. इंजिनीअरिंग कॉलेजांच्या गेल्या वर्षीच्या कटऑफचे कागद, तीन हायलायटरनी रंगवलेले. पिवळं म्हणजे पुणे, हिरवं म्हणजे नाशिक. आणि गुलाबी? "बाबांना पाहिजे ते," असं तू म्हणालीस तेव्हा बाबा खिडकीतून पाऊस बघत होते. मग तू विचारलंस, "काका, तुम्हीच सांगा ना, फॉर्ममध्ये पहिलं कॉलेज कुठलं टाकू?" आणि मी, सातपूरला ३३ वर्षं नोकरी केलेला, दरवर्षी नव्या पोरांच्या मुलाखती घेतलेला माणूस, काय म्हणालो? "आधी चहा घ्या."

बाबांसमोर जीभ रेटली नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही निघताना मी एवढंच विचारलं होतं, की यातलं एक तरी कॉलेज आतून बघितलंयस का. तू म्हणालीस, वेबसाइट बघितली. अगं, पावशेर भेंडी घेताना शेपूट मोडून बघतो आपण. इथे चार वर्षं घालायची आहेत आणि तू वेबसाइटवरचे हिरवळीचे फोटो बघून थांबलीस?

तर जा. नाशिकमधली दोन कॉलेजं सिटीलिंकच्या बसने एका दिवसात होतील, पुण्याला एक दिवस वेगळा काढ. मात्र सकाळी जाऊ नकोस. प्रवेशाच्या दिवसांत सकाळी सगळी कॉलेजं सारखीच दिसतात, गेटवर मंडप, टेबलामागे हसरे चेहरे, हातात माहितीपत्रक. चारनंतर जा आणि सरळ मागच्या बाजूला चाल, जिथे वर्कशॉप आणि लॅब असतात. दाराला कुलूप असेल तर बाहेर स्टुलावर बसलेल्या मामांना विचार, "मामा, किल्ली कोणाकडे असते?"

उत्तर नीट ऐक. "एचओडी सरांकडे, ते मीटिंगला गेलेत" हे एक उत्तर. "प्रॅक्टिकल असलं की उघडतो" हे दुसरं. आणि "माझ्याकडेच आहे, काय पाहिजे तुला?" हे तिसरं. तिसरं उत्तर जिथे मिळेल ते कॉलेज यादीत वर घे. लायब्ररीतही हाच प्रश्न विचार. पुस्तकांच्या कपाटाला काच आहे की कुलूप, पोरं स्वतः पुस्तक काढतात की चिठ्ठी देऊन खिडकीशी उभी राहतात, ते बघ. कॉम्प्युटर लॅबमध्ये तर जरूर बघ. तू कॉम्प्युटर घे नाहीतर मेकॅनिकल घे, तो वाद तू आणि बाबा घाला, मला त्यात रस नाही. किल्ली कोणाकडे आहे ते मला सांग.

फॉर्मचं थोडक्यात सांगतो, कारण रविवारी त्यावरच तासभर गेला. ९१ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण ९१ पोरं तुझ्या मागे, ९१ टक्के मार्क नव्हेत, हे बाबांना पुन्हा एकदा समजाव. ते सोसायटीत टक्के म्हणून सांगतायत. पुण्यात आपण बाहेरचे ठरू ही भीती काढून टाक. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हे तिन्ही जिल्हे एकाच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतात, त्यामुळे तिथल्या संलग्न, स्वायत्त नसलेल्या कॉलेजांतल्या होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठातल्या मुलांसाठीच्या, ७० टक्के जागांत तूही धरली जातेस. नॅक आणि एनबीए या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्था. नॅकची ग्रेड अख्ख्या कॉलेजची असते. एनबीएची मान्यता एकेका शाखेला मिळते, म्हणून तुझ्या शाखेला ती आहे का ते वेगळं विचार. फीचं म्हणशील तर २०२४ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेतला की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. त्या माफीत होस्टेल आणि मेस येत नाही, तेव्हा पुण्याचा हिशोब त्यावर कर. कॉलेज रोडच्या होर्डिंगवर सगळ्यात मोठं पॅकेज असतं, ते एका पोराचं असतं. तू शंभर पोरांमधल्या पन्नासाव्याला किती मिळालं ते विचार. आणि पहिला पर्याय टाकताना हात थोडा थांबू दे, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की धरली जाते. मग पुढच्या फेऱ्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

झालं फॉर्मचं. आता मी किल्लीवर का अडून बसलोय ते ऐक.

मी १९८९ ला पास झालो. कॉलेज पुण्याचं, नावाजलेलं. ते वाईट असतं तर बरं झालं असतं, निदान दोष त्याच्यावर ढकलता आला असता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला स्टँडर्ड रूममध्ये पाठवलं, म्हणजे मापं तपासायची साधनं ठेवतात त्या खोलीत. तिथे एक आयटीआय झालेला पोरगा होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने स्लिप गेजची लाकडी पेटी माझ्यापुढे सरकवली. ८७ तुकड्यांचा संच, आरशासारखे चकचकीत पोलादी ठोकळे, प्रत्येकावर माप कोरलेलं. म्हणाला, "साहेब, २८.४५५ लावा." म्हणजे तुकडे जोडून बरोबर तेवढ्या मिलिमीटरचं माप करायचं.

मी पेटीत २८ शोधायला लागलो. आता हसू नकोस. २८ चा तुकडा त्या पेटीत नसतोच.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "शेवटचा आकडा आधी मारायचा, साहेब." १.००५ उचलला, उरले २७.४५. मग १.४५, उरले २६. मग ६, मग २०. प्रत्येक तुकडा कातडी फडक्याने पुसला, एकावर एक आडवा ठेवला, दाबून फिरवला आणि वरच्या तुकड्याला धरून उचलला. चारही एकमेकांना चिकटून वर आले. ना गोंद, ना लोहचुंबक. मी बघत राहिलो. माझ्या खिशात फर्स्ट क्लासची डिग्री होती आणि ते चिकटणं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

आता खरी बोच सांगतो. तशीच पेटी आमच्या कॉलेजात होती. मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमापाच्या लॅबच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. मी तिच्यावर जर्नल लिहिलं होतं, म्हणजे सीनियरचं उतरवलं होतं. ओरलला घडाघडा उत्तरं दिली होती, २५ पैकी २२ मिळाले होते. पेटी उघडली नव्हती, एवढंच. कपाटाची किल्ली लॅबच्या मामांकडे असायची, आणि चार वर्षांत मी मामांना "जर्नलवर सही कुठे घ्यायची?" यापलीकडे काही विचारलं नाही. आमच्या वर्गात येवल्याकडचा एक मुलगा होता. इंग्रजी बेताचं, मार्कही बेताचे. तो दुपारचा डबा मामांबरोबर खायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी किल्ली मामा त्याच्याच हातात द्यायला लागले, "जाताना लावून जा रे" म्हणून. आज त्याची भोसरीत स्वतःची कॅलिब्रेशन लॅब आहे, मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते तपासून देणारी. टिंगल करणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

म्हणून म्हणतो, प्रवेश झाला की पहिल्या महिन्यात मामांची, लॅब असिस्टंटची, लायब्ररीतल्या बाईंची नावं पाठ कर. सरांची नावं वेळापत्रकावर असतात, ती आपोआप पाठ होतात. या लोकांची कुठेच लिहिलेली नसतात. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांत बस, मैत्री तिथेच होते. पण जर्नल उतरवू नकोस. उतरवलंसच तर ज्या वस्तूबद्दल उतरवतेयस तिला एकदा हात लावून ये. आणि नाशिकलाच राहिलीस तर हळहळू नकोस. अंबडमध्ये गल्लीगल्लीत टूल रूम आहेत, साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या. तिथले मालक इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मागायला येणाऱ्या पोरांना वैतागलेत. तू सर्टिफिकेट मागू नकोस, एक प्रश्न घेऊन जा. शटर उघडंच असतं. सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, तर १८४० पासून उघडं आहे आणि आपल्या अख्ख्या सोसायटीत त्याचा सभासद मी एकटा! (यावरून मी मागच्या गणपतीत भांडलोसुद्धा होतो, ते जाऊ दे.)

तू म्हणशील, काकांना एवढं कळत होतं तर स्वतःच्या मुलाच्या वेळी काय केलं? विचारणारच तू, म्हणून मीच सांगतो. त्याचा पर्यायांचा फॉर्म मी भरला. रात्री, एकट्याने, नावं बघून. कॉलेज बघायला गेलो नाही, त्यालाही पाठवलं नाही. पण कंपनीत ऑडिट होतं, मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती, साइट सारखी बंद पडत होती आणि त्याला विचारलं तर तो खांदे उडवायचा. अशा वेळी बापाने काय करायचं? शिवाय कॉलेज खरोखर चांगलं होतं, आजही आहे. तो आज पुण्यात आहे, पगार उत्तम आहे, घर आहे. मागच्या दिवाळीत बोलता बोलता एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही तेव्हा विचारलंच नव्हतं." मी म्हटलं, विचारलं होतं. तो काही बोलला नाही, फराळाचं ताट घेऊन आत गेला.

विचारलं होतं मी. खांदे उडवले होते त्याने.

असो. तुझ्या बाबांना हे पत्र दाखवू नकोस. किंवा दाखव, तुझं तू ठरव. ते वाईट नाहीत, त्यांना मुदतीची भीती वाटते. पण तो गुलाबी हायलायटर त्यांच्याकडून काढून घे.

बुधवारी जा. पाऊस असला तरी जा, पावसात गळकी लॅबही दिसते. बाबा येतो म्हणाले तर येऊ देत, त्यांना गेटजवळच्या टपरीवर बसव आणि मागच्या बाजूला तू एकटी जा. मामा काय म्हणाले ते रात्री फोन करून सांग. त्यांच्याच शब्दांत सांग, तुझ्या नको.

तुझा,
काका