वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, स्टेज ४. किमो थांबवून आता रेगोराफेनिबची गोळी देणार म्हणतात. गोळी म्हणजे त्रास कमी का?

नाही हो, गोळी आहे म्हणून सौम्य असं काही नाही. आमच्या सासऱ्यांना हीच चालू होती, इथेच इंदूरला, आणि सलाईन नाही, दवाखान्यात पडून राहणं नाही म्हणून घरात सगळे खुश, पण दुसऱ्या आठवड्यात तळपाय लालबुंद झाले, टाचेला फोड आले आणि रामबागेतल्या घरात जन्मभर अनवाणी फिरलेला माणूस भिंत धरून चालायला लागला. हा त्रास पहिल्या महिना-दोन महिन्यात जास्त असतो. म्हणून गोळी सुरू व्हायच्या आधीच टाचांची जाड कातडी मऊ करून घ्या, यूरियावालं क्रीम लावा, घरातसुद्धा मऊ चप्पल, आणि पाय गरम पाण्यात बुडवणं बंद. फोड दिसला की त्याच दिवशी फोन करा. बापलोक सांगत नाहीत, मोजे काढून स्वतः बघा.

पूर्ण डोस १६० मिलिग्रॅम, म्हणजे ४० च्या ४ गोळ्या एकदम, २१ दिवस घ्यायच्या मग ७ दिवस सुट्टी. पण बरेच डॉक्टर ८० पासून सुरू करून दर आठवड्याला वाढवत नेतात, तसं चालेल का ते विचारा. गोळी कमी तेलाच्या खाण्यानंतर घ्यायची, म्हणजे पोहे चालतील पण वर मूठभर शेव आणि बाजूला जलेबी नको (इंदूरी माणसाला हेच सगळ्यात जड जातं). बीपी घरी मोजा, आणि लिव्हरची रक्ततपासणी पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी, ती चुकवू नका.

फायद्याचं खरं सांगते, गाठ विरघळेल अशी आशा धरू नका, वाढ थोपवायचं औषध आहे. ज्या ट्रायलवर हे मंजूर झालं त्यात मीडियन आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट जितके दिवस जगले तो काळ) ६.४ महिने, नुसत्या सपोर्टिव्ह केअरवाल्यांचं, म्हणजे फक्त त्रास कमी करायचे उपचार घेणाऱ्यांचं, ५.

त्यामुळे आधी बायोप्सीचा म्युटेशन रिपोर्ट, म्हणजे गाठीच्या जनुकांतल्या बदलांची तपासणी, मागा: केरास, एनरास, बीरॅफ, हर-२, एमएसआय. बीरॅफ व्ही६००ई निघालं तर एन्कोराफेनिब गोळी सेटुक्सिमॅब इंजेक्शनबरोबर देतात, हर-२ असेल तर टुकाटिनिब ट्रास्टुझुमॅबबरोबर, एमएसआय हाय असेल तर इम्युनोथेरपी. तपासणी झालीच नसेल तर ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) लॅबमध्ये पडलेला असतो, त्यावरच होते. दवा बाजारात गोळ्यांचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, पण पक्कं बिल घ्या, बॅच नंबरसकट.