शर्टाची घडी हा अभ्यासच आहे ताई

नमस्कार ताई, पत्र दोनदा वाचलं. मुलगा 14 वर्षांचा, ऑटिझम आहे, मोजकंच बोलतो, दोन वर्षं स्पेशल स्कूलला जातोय आणि तिथे नुसत्या घड्या घालणं आणि चित्रांची कार्डं चालतात, मग अभ्यास कधी आणि करिअर कसलं, असं विचारलंय तुम्ही. तुमची काळजी अगदी बरोबर आहे.

पण ती घडीच बघा ना. आपल्याला एक काम वाटतं, टीचर त्याच्या सात-आठ स्टेप्स पाडतात आणि बऱ्याचदा शेवटापासून शिकवतात, म्हणजे आधीचं सगळं त्या करून देतात, शेवटची दुमड तेवढी मुलाने घालायची, ती जमली की शेवटच्या दोन, मग तीन, असं मागे मागे जात एक दिवस अख्खा शर्ट त्याचा. पहिल्या दिवसापासून काम त्याच्याच हातून पूर्ण होतं, हे फार मोठं आहे. मदतही तशीच कमी करत आणतात, आधी हात धरून, मग बोट दाखवून, मग काहीच नाही. उद्या पॅकिंग असो की लायब्ररीत पुस्तकं लावणं, नवीन काम तो असंच शिकणार.

कार्डांमुळे बोलणं खुंटेल ही भीती मात्र काढून टाका. चित्र देऊन मागायची पेक्स ही पद्धत 1985 पासून वापरात आहे, कार्डांमुळे बोलणं थांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं वाढतं. आणि ‘ब्रेक हवा’ हे कार्ड तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कारण काम येत असूनही केवळ गोंगाट सहन होत नाही हे सांगता न आल्यामुळे नोकरी सोडावी लागलेली मुलं मी पाहिलीत.

तरी शाळेला प्रश्न विचाराच. आयईपी म्हणजे शाळेत त्याने काय शिकायचं याचा त्याचा स्वतःचा प्लॅन, तो मागून घ्या, त्यात ‘कामात सुधारणा’ असलं मोघम काही नको, ‘पाचपैकी चार वेळा कोणी न सांगता’ असं मोजता येणारं हवं. वेळ बघणं, पैसे मोजणं, लिहिलेली सूचना वाचणं त्यात आहे का बघा, नसेल तर घालायला लावा. दोन वर्षं तेच ध्येय उतरवलेलं असेल तर ठामपणे कारण विचारा.

आणि घडीच्या स्टेप्सची चित्रपट्टी वर्गात असेल तर तिचा फोटो घेऊन घरी कपाटावर लावा. शेवटची दुमड त्यालाच घालू दे, वेळ लागला तरी तुम्ही हात पुढे करू नका.