जिम सोडलीस म्हणतेस, तर हे वाच

अगं, तुझा मेसेज वाचला. पोट, दंड, फोटो, वजनकाटा, सगळं त्याचंच, आणि मधेच जाता जाता एक ओळ की आधी भिंतीला हात टेकून पुशअप मारतानाही धाप लागायची आणि आता बाकावर हात ठेवून आठ जमतात. आणि तरी तीन आठवड्यात काही झालंच नाही म्हणून जिम सोडलीस! मला विचारशील तर तुझ्या अख्ख्या मेसेजमधली खरी बातमी ती एक ओळच आहे.

सुरुवातीला असंच होतं बघ. पहिले काही आठवडे मेंदू आणि नसा शिकत असतात, स्नायूंना एकत्र कामाला कसं लावायचं ते, म्हणून ताकद आधी वाढते आणि आकार बराच नंतर बदलतो, आरशात तेव्हा काही दिसतच नाही. आणि काट्याचं म्हणशील तर शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवून ठेवलेल्या साखरेसोबत, साधारण 3 ग्रॅम पाणी असतं, त्यात खारट जास्त खाल्लं, पाळी जवळ आली, नव्या व्यायामाने अंग दुखायला लागलं की पाणी अजून धरलं जातं, म्हणजे चरबी कमी होत असली तरी काटा किलोभर वर दाखवू शकतो. त्या आकड्यावर दिवसभराचा मूड ठरवू नकोस गं, फार वाईट वाटतं मला ते वाचून. आणि ज्या मुलींचे फोटो बघून तू स्वतःला नावं ठेवतेस ना, ते व्यायाम संपल्या संपल्या, स्नायू फुगलेले असताना, हवा तसा लाइट आणि अँगल घेऊन काढलेले असतात, शंभरातला एक टाकतात.

खाडा पडला की सगळं मुसळ केरात, हे पण डोक्यातून काढ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता, सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतील असं निघालं, पण कुणाला 18 तर कुणाला थेट 254, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नव्हतं. तू तर तीन आठवड्यातच स्वतःला नापास करून मोकळी झालीस.

आता परत सुरू करताना तासाभराचं नको. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, पण एका वेळी निदान 10 मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट त्यांनी 2020 मध्ये काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटं भराभर चाललीस तरी ती मोजायची. उद्या बूट घाल, बाकावरचे पुशअप मार, बास. वहीत फक्त काय जमलं ते लिही, वजन महिनाभर करूच नकोस.

एक मात्र विचारते, खरं सांग. जेवण टाळतेयस का? खाल्लं म्हणून शिक्षा म्हणून पळतेस का, पाळी चुकतेय का? यातलं काहीही असेल तर व्यायामाचं नंतर बघू, आधी मला फोन कर, डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ.