‘जसा’ दिसला की उपमा? इतकं सोपं नाहीये ते

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यात कायम कन्फ्युज होतो. क्लासमध्ये ट्रिक सांगितलीय की सम, समान, जसा, परी दिसलं तर उपमा, जणू, गमे, भासे, की दिसलं तर उत्प्रेक्षा, आणि यातलं काहीच नसेल तर रूपक. तरी मार्क जातातच. घरी कसं समजावू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ट्रिक अगदीच टाकाऊ नाहीये, पण नुसत्या तिच्यावर भिस्त ठेवली की पोरं ‘तो म्हणाला की’ मधल्या ‘की’लाही उत्प्रेक्षा म्हणून मोकळी होतात, मग मार्क जाणारच ना. त्याला आधी एवढंच विचारायला सांगा, की कवी कशाबद्दल बोलतोय आणि त्यासाठी बाहेरून काय आणलंय? पहिलं उपमेय, दुसरं उपमान. आता या दोघांत कवीने अंतर किती ठेवलंय ते बघायचं, सगळी गंमत तिथेच आहे.

बहिणाबाई घ्या, पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा परवडतात. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर’. संसार संसारच राहिला, तवा तवाच राहिला, दोघांत सारखं काय तर चटके आणि त्यानंतरची भाकर. ही उपमा. आता त्यांचीच दुसरी ओळ, ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. इथे ‘जसं’ नाही न् ‘सारखं’ नाही, मन म्हणजेच ढोर. हे रूपक.

आता मुलाला ही एकच ओळ मोडायला लावा. ‘मन ढोरासारखं आहे’ म्हटलं की उपमा झाली. ‘मन जणू ढोरच’ म्हटलं की उत्प्रेक्षा, म्हणजे कवीला ते ढोरच वाटतंय पण तसं ठाम म्हणत नाहीये. ‘मन हे ढोरच’ हे रूपक. आणि ‘हे मन नव्हेच, ढोर आहे’ असं उपमेयालाच नाकारलं तर अपन्हुती. चार अलंकार एका ओळीत, वही-पेन घेऊन बसलं तर एका संध्याकाळचं काम. आणि मग त्याला पुढची ओळ वाचून दाखवा, ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’. मनाला कोणी हाकलतं का? पण आधीच्या ओळीत ते ढोर होऊन बसलंय म्हणून हाकलता येतं. ‘ढोरासारखं’ म्हटलं असतं तर हा जोर आला नसता, निदान मला तरी तसं वाटतं.

त्याच कवितेत पुढे ‘मन जह्यरी जह्यरी’ म्हणून झाल्यावर त्या म्हणतात ‘अरे इचू साप बरा, त्याले उतारे मंतर’. विंचू-सापाचं विष उतरवायला मंत्र तरी आहे, मनाला तोही नाही, म्हणजे विषाच्या बाबतीत उपमेय उपमानाच्या वरचढ ठरलं. हा व्यतिरेक. ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’मध्ये हाच अलंकार आहे, तिथे गोडीत सरशी, इथे विषात. शाळेत न गेलेल्या बाईने एका कवितेत हे सगळं करून ठेवलंय आणि आपण गाइड चाळतोय!

प्रश्न : ‘लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा’ यात पण ‘जसं’ वगैरे काही नाही, मग हे रूपक का नाही? उत्तरसूचीत दृष्टान्त दिलाय.
– स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, लातूर

उत्तर : उत्तरसूची बरोबर आहे. तुकोबा ‘मी मुंगी आहे’ असं कुठे म्हणतायत? त्यांनी एक मागणं मागितलं, लहानपण दे, आणि ते का बरं हे पटवायला दाखला दिला, मुंगीला साखर मिळते. लगेच उलटा दाखलाही जोडला, ‘ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’. विधान एकीकडे, दाखला दुसरीकडे, दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. रूपकात ते मिसळतात. अशा प्रश्नात दाखल्याच्या आधी ‘उदाहरणार्थ’ घालून बघा, अर्थ नीट लागला तर बहुतेक वेळा दृष्टान्त निघतो (बहुतेक म्हटलंय, नेहमी नाही, नाहीतर हीच नवी ट्रिक व्हायची).

प्रश्न : कवी ‘बी’ यांचं ‘चाफा बोलेना’. शाळेत चेतनगुणोक्ती शिकलो. आता ग्रुपवर वाद चाललाय की चाफा म्हणजे खरं तर रुसलेला प्रियकर, कोणी म्हणतं आत्मा. खरं काय?
– एक निवृत्त वाचक, ठाणे

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय तुम्ही. झाडाला बोलणं-चालणं, खंत करणं ही माणसाची कामं दिली, एवढ्यावर चेतनगुणोक्ती ठरते, तिथे वाद नाही. चाफा कोण हा प्रतीकाचा प्रश्न, आणि तो ओळीवरून नाही तर अख्खी कविता वाचून सोडवायचा. प्रेमकविता म्हणून ती छान लागते, अध्यात्माच्या अंगानेही लावतात, मला स्वतःला पहिलं वाचन जास्त आवडतं. नातवाच्या पेपरात आलं तर चेतनगुणोक्तीच लिहायला सांगा, प्रियकर ग्रुपवर ठेवा.