कोर्सवरचा शिक्का नेमका मारतं कोण?

प्रश्न : मुलीच्या इंजिनिअरिंग ॲडमिशनसाठी कॉलेजं बघतोय. एका कॉलेजच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'ॲक्रेडिटेड' लिहिलंय पण तिथली सीनिअर मुलं म्हणतात तिच्या ब्रँचला ते नाहीच. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : बहुतेक कोणीच नाही ताई, दोघंही खरं बोलत असणार. ॲक्रेडिटेशन म्हणजे बाहेरच्या एजन्सीने दर्जा तपासून मारलेला शिक्का, आणि तो अख्ख्या संस्थेचा वेगळा असतो आणि एकेका कोर्सचा वेगळा. आपल्याकडे असा दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था आहेत, नॅक अख्ख्या कॉलेजकडे बघतं आणि एनबीए एकेका प्रोग्रामकडे म्हणजे कोर्सकडे, त्यात दोन्ही १९९४ मध्येच सुरू झाल्यामुळे लोक त्यांची सरमिसळ करतात आणि जाहिरात करणाऱ्यांना तेच हवं असतं. म्हणजे मेकॅनिकलला एनबीए आहे आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या नव्या ब्रँचला नाही असं अगदी होऊ शकतं. शिवाय एआयसीटीईचं म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या सरकारी परिषदेचं अप्रूव्हल म्हणजे ॲक्रेडिटेशन नव्हे हो, ती कोर्स चालवायची परवानगी झाली, तो किती चांगला चालतो हे नंतर दुसरं कोणीतरी येऊन बघतं. तुम्ही फक्त एवढंच करा, एनबीएच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव काढा आणि ब्रँच कोणती, यूजी की पीजी, आणि कधीपासून कधीपर्यंत, या तीन गोष्टी वाचा. बॅनर वाचू नका.

प्रश्न : मी असिस्टंट प्रोफेसर आहे. आमच्या डिपार्टमेंटला पहिल्यांदाच ॲक्रेडिटेशनला जायचंय, रोज उशिरापर्यंत फायली चालल्यात. येणारी टीम नक्की काय बघते?

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून अंगावर काटाच आला कारण मी पण यातून गेलेय. आधी क्रम सांगते, तो जगात कुठेही गेलात तरी साधारण सारखाच आहे. आधी पात्रता बघतात, मग तुम्ही स्वतःच स्वतःबद्दल रिपोर्ट लिहायचा म्हणजे आपला एसएआर, मग दुसऱ्या संस्थांतले प्राध्यापक आणि इंडस्ट्रीतली माणसं दोनतीन दिवस येऊन तो रिपोर्ट खरा आहे का ते बघणार आणि आपला अहवाल देणार, आणि निर्णय तिसरंच कोणीतरी घेणार म्हणजे एजन्सीची कमिटी. हे लक्षात ठेवा, आलेली टीम निर्णय देत नाही, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर कोणी हसून बोललं म्हणून खूश होऊ नका.

पात्रतेत लोक अडकतात ते बॅचवर. अमेरिकेतल्या एबीईटीला, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग कोर्सना ॲक्रेडिटेशन देणाऱ्या एजन्सीला, निदान एक तरी ग्रॅज्युएट बाहेर पडलेला लागतो, एनबीएला दोन बॅचेस लागतात. कारण साधं आहे, मुलं शिकून काय करू शकतात हेच मोजायचंय तर आधी शिकलेली मुलं तरी हवीत ना. म्हणूनच कालपरवा सुरू झालेला कोर्स 'ॲक्रेडिटेड' म्हणून विकत असतील तर समजून जा.

आता फायली. आमच्या वेळी आम्ही सगळे कोर्स आउटकम (एका विषयातून मुलांना काय यायला हवं) प्रोग्राम आउटकमशी (पूर्ण डिग्रीतून काय यायला हवं) जोडून, प्रत्येक विषयाचं अटेनमेंट म्हणजे ते कितपत साधलं याचा आकडा काढून, अगदी सुंदर रंगीत तक्ते केले होते आणि सगळीकडे तीनपैकी जवळजवळ तीन. आलेल्या बाईंनी ते शांतपणे बघितलं आणि विचारलं, एवढं सगळं छान आहे तर मागच्या वर्षी तुम्ही बदललं काय? कोणाकडे उत्तर नव्हतं! त्यांना नेमकं तेच हवं असतं हो, मुलं एखाद्या विषयात कमी पडली, तुम्हाला ते आकड्यांतून कळलं, मग तुम्ही लॅब वाढवली किंवा प्रश्नपत्रिका बदलली, आणि पुढच्या वर्षी फरक पडला की नाही. कमी आलेला आकडा लपवू नका, तोच तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. आणि मुलांना पढवून पाठवू नका, टीम मुलांशी तुमच्याशिवाय बोलते आणि पाच मुलांनी एकच वाक्य म्हटलं की लगेच कळतं.

उणिवा निघणारच. एबीईटीत तर त्यांच्या पायऱ्याच आहेत, कन्सर्न म्हणजे सध्या ठीक पण सांभाळा, वीकनेस म्हणजे मधल्या काळात सुधारून दाखवा, आणि डेफिशियन्सी म्हणजे निकष पूर्णच होत नाही. एनबीएत सहा वर्षं किंवा तीन वर्षं मिळतात, तीन मिळाली तर रडू नका.

प्रश्न : 'इंटरनॅशनली ॲक्रेडिटेड' अशी परदेशी ऑनलाइन डिग्री घ्यावी का? शिक्का देणारी एजन्सी खरी आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. शिक्का कोणीही छापू शकतं, बोगस विद्यापीठं स्वतःचीच बोगस एजन्सी काढून एकमेकांना सर्टिफिकेट देतात. म्हणून एजन्सीला कोणी मान्यता दिलीय ते शोधायचं. अमेरिकेत शिक्षण खातं स्वतः कोणाला ॲक्रेडिट करत नाही, एजन्सींना मान्यता देतं आणि काढूनही घेतं, २०२२ मध्ये एसीआयसीएस नावाच्या एजन्सीची काढली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कॉलेजांना दुसरी एजन्सी शोधत फिरावं लागलं. युरोपात ईक्यूएआर नावाचं रजिस्टर २००८ पासून आहे, त्यात एजन्सीचं नाव आहे का बघा.

'इंटरनॅशनल' हा शब्द मात्र बाजूला ठेवा. इंजिनिअरिंगमध्ये १९८९ चा वॉशिंग्टन अकॉर्ड आहे, त्यात सहा देशांनी एकमेकांचं ॲक्रेडिटेशन मानायचं ठरवलं आणि भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, पण त्यातही एनबीएचे फक्त टिअर वन म्हणजे स्वायत्त संस्थांचे आणि विद्यापीठांचे प्रोग्राम येतात आणि सदस्य होण्याआधीच्या डिग्र्या येत नाहीत. म्हणजे खऱ्याखुऱ्या आंतरराष्ट्रीय करारातसुद्धा इतकी बारीक अक्षरं आहेत! तुम्हाला जिथे नोकरी किंवा पुढचं शिक्षण हवंय तिथल्या लोकांना ईमेल करून विचारा ही डिग्री चालते का, फी भरायच्या आधी, नंतर नाही.

प्रश्न : मी सेकंड इयरला असताना कोर्सच्या ॲक्रेडिटेशनची मुदत संपली तर?

उत्तर : मुदत संपली म्हणजे कोर्स बंद पडला असं नाही, पण तुझ्या डिग्रीच्या वर्षाला ते लागू आहे का हे ॲक्रेडिटेशनच्या पत्रावरच्या तारखांवरून ठरतं. ऑफिसमधून त्या पत्राची कॉपी मागून घे आणि रिन्यूअलचा अर्ज गेलाय का तेही तिथेच विचार, तोंडी 'होऊन जाईल' सांगितलं तर लेखी माग.