पानाला दोन रुपये

१५ ऑक्टोबर जवळ आला की माझ्याकडे वाचनाच्या प्रश्नांची लाईन लागते. कलामांचा वाढदिवस, २०१५ पासून आपल्या राज्यात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतात, शाळाशाळांत फलक, भाषणं, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं होतं तिथेच. असो. यावेळी चार पत्रं घेतलीयेत, पहिल्यावर जरा जास्तच बोललेय, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे, पुस्तकाचं नाव काढलं की तोंड वाकडं. शेवटी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कीम काढली, पानाला दोन रुपये. सुरुवातीला असं भारी चाललं की मी सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलं. मग लक्षात आलं की पोट्टा मोठ्या अक्षरांची, चित्रंवाली पुस्तकंच उचलून राहिलाय, अख्ख्या पानावर नुसतं चित्र असलं तरी त्याचे दोन रुपये मागतो, आणि गोष्टीत काय झालं विचारलं तर म्हणतो “तू पानं मोजून घे ना.” शाळा सुरू झाल्यावर पैसे बंद केले तर वाचन पण बंद. एक मात्र आहे, त्याच्या आजोबांचं रेल्वेचं जुनं टाइमटेबल आहे, ते घेऊन तो तासन्‌तास बसतो, विदर्भ एक्सप्रेस कुठल्या स्टेशनवर किती मिनिटं थांबते सगळं पाठ आहे, पण त्याला काय वाचन म्हणायचं का? पैसे वाढवून बघू का, की मोबाईल काढून घेऊ?
— एक आई, मनीषनगर

उत्तर: पैसे वाढवू नका हो, तीन रुपये केले तर तो अजून मोठी अक्षरं शोधेल. आणि खरं सांगू का, तुमच्या मुलाने यात काही चालूपणा केलाय असं मला वाटत नाही. तुम्ही पानांचे पैसे ठरवले, त्याने पानं दिली, गोष्टीचे पैसे ठरलेच कुठे होते?

अमेरिकेत स्टॅनफर्डला लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ साली एक प्रयोग छापला होता, बालवाडीतल्या मुलांचा. मुद्दाम अशीच मुलं घेतली ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडतं. काहींना आधीच सांगितलं की या स्केचपेनने चित्र काढलंस तर सोनेरी स्टार आणि रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना काही न सांगता नंतर दिलं, आणि काहींना दिलंच नाही. मग एक-दोन आठवडे जाऊ दिले आणि तेच स्केचपेन वर्गात नुसते ठेवून दिले, आता बक्षीस-बिक्षीस काही नाही, वाटलं तर काढा. तर ज्यांना आधी कबूल केलेलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी बसली. ज्यांना अचानक सर्टिफिकेट मिळालं होतं त्यांचं मात्र काहीच बिघडलं नाही. म्हणजे घोळ बक्षिसाचा नाही, आधी ठरवलेल्या सौद्याचा. पैसे लागतायत म्हणजे हे काम असणार, आणि काम फुकट कोण करतं, एवढा साधा हिशेब तीन-चार वर्षांच्या मुलालाही कळतो, तुमचा तर सहावीत आहे.

तुम्ही म्हणाल त्याला आधी कुठे आवड होती जी आता गेली. तर आवड आहे की, तुम्हीच पत्रात लिहिलीय आणि वर विचारताय त्याला वाचन म्हणायचं का. तुम्ही स्वतः कधी ते टाइमटेबल उघडून बघितलंय? मुंगीएवढी अक्षरं, उभे-आडवे कॉलम, जाताना वरून खाली वाचायचं आणि येताना खालून वर, पोचायची वेळ वेगळी, सुटायची वेगळी, कुठल्या गाडीसमोर चिन्ह असतं आणि त्याचा अर्थ तळाला बारीक टिपेत असतो की ही फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. चांगली शिकलेली मोठी माणसं त्यात चक्रावतात. तुमचा मुलगा ते स्वतःहून करून राहिलाय, एक रुपया न मागता.

मग इथूनच धरा. एखाद दिवशी त्याच्या बाजूला बसून असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही, परीक्षा घेतल्यासारखा नको, त्यांना लगेच वास येतो. रविवारी त्याला कडबी चौकाकडे मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे म्युझियममध्ये न्या, २००२ ला सुरू झालंय, नागपुरात जन्म गेला तरी न बघितलेले लोक आहेत. तिथली छोटी इंजिनं बघितली की नागभीडच्या छोट्या लाईनचा विषय निघेल, जी ब्रॉडगेज करायला २०१९ ला बंद केली, तुमच्या घरातल्या कोणीतरी त्या गाडीने प्रवास केलेलाच असणार, त्यांना बोलू द्या. मग शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची ती लाईन इंग्रजांच्या काळात कशासाठी टाकली तर वऱ्हाडातला कापूस न्यायला, आणि गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारी झाली तरी ही लाईन खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. का राहिली? हा प्रश्न एकदा त्याच्या डोक्यात शिरला की तो कापसापर्यंत जाईल, कापसावरून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत, आणि ज्या इतिहासाच्या पुस्तकाला तो शाळेत जांभया देतो तेच मागून घेईल. घेईलच अशी गॅरंटी नाही, पण रस्ता असाच वाकडातिकडा असतो, आवडीच्या गोष्टीतून आवडीच्या गोष्टीकडे.

रेल्वेवरचं एखादं चांगलं पुस्तक आणलंत तर त्याच्या हातात देऊ नका, सोफ्यावर टाका आणि विसरून जा. वाचून झालं तर “काय शिकलास” हे बिलकुल विचारायचं नाही. आपण पिक्चर बघून आलो आणि दारातच कोणी विचारलं की यातून बोध काय घेतला, तर पुढच्या वेळी आपण सांगून जाऊ का? पॉकेटमनी द्यायचा तर द्या, तो वाचो न वाचो. रात्री जमलं तर तुम्ही त्याला मोठ्याने वाचून दाखवा, सहावीतल्या मुलालाही चालतं, फक्त मित्रांना सांगू नका म्हणतील. आणि हो, एवढ्या लांब पत्रात तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय ते कुठेच आलं नाही.

प्रश्न: मॅडम, मी वीज खात्यातून रिटायर झालो, आता टाइमच टाइम आहे. मुलीने एक जाडजूड गाजलेली कादंबरी आणून दिली, दोन महिने झाले चाळीसाव्या पानावर अडकून राहिलो. उघडली की झोप. इकडे रहस्यकथा हातात आली की रात्रीचे दोन वाजले तरी सुटत नाही. जावई म्हणते, बाबा या वयात हे काय वाचून राहिले. कादंबरी पूर्ण करायची का सोडून द्यायची?
— महाल

उत्तर: सोडा काका, आजच सोडा. रहस्यकथा दोन वाजेपर्यंत वाचता म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलेला नाही आणि डोकंही ठणठणीत आहे, म्हणजे तुमचं आणि त्या पुस्तकाचं जमत नाही एवढाच त्याचा अर्थ. एस. आर. रंगनाथन यांना आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात, त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं आहे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्या कादंबरीचा वाचक कोणीतरी दुसरा आहे, तुम्ही तिला दोन महिने अडवून ठेवलंय. मुलीलाच वाचायला द्या, तिने वाचली आहे का तेही कळेल.

डॅनियल पेनाक नावाचे फ्रेंच मास्तर-लेखक आहेत, त्यांनी १९९२ ला वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यात मधली पानं गाळायचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट सोडायचा आहे, काहीही वाचायचा आहे, आणि सगळ्यात पहिला तर न वाचायचाच आहे. मला ते लय आवडतं. जावईबापूंना सांगा की बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या काय भिंतींनी वाचल्या? मराठी माणसाच्या कितीतरी घरांत वाचायची सवय लागली ती अशाच पातळ, स्वस्त, उशीखाली लपवलेल्या पुस्तकांनी. तुम्ही लपवू नका फक्त, हॉलमध्ये बसून वाचा. आणि जावयाच्या हाताला लागेल असं एखादं ठेवा, शेवटची चार पानं काढून.

प्रश्न: ताई मी मूळची चिमूरची, नागपुरात रूम करून एमपीएससीचा अभ्यास करतेय. दुपारी डब्यानंतर अभ्यासिकेतच अर्धा तास कथा वाचते, बरं वाटतं. बाबांना कळलं तर म्हणाले हा टाइमपास पोस्ट मिळाल्यावर कर. मैत्रिणी पण म्हणतात सिलॅबसच्या बाहेरचं वाचून फायदा काय. मलाच आता गिल्टी वाटून राहिलं. त्यांना काय फायदा सांगू?
— अभ्यासिकेतली

उत्तर: बाबांना सांगायला तुला एक देते. ब्रिटनमध्ये १९७० साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा आयुष्यभर माग ठेवलाय, त्या माहितीवर लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने २०१३ ला एक अभ्यास काढला. आवड म्हणून नेहमी वाचणाऱ्या मुलांची दहा ते सोळा वर्षांमध्ये शब्दसंग्रहात, स्पेलिंगमध्ये आणि चक्क गणितात पण बाकीच्यांपेक्षा जास्त प्रगती दिसली, आणि हा फरक आई किंवा वडील पदवीधर असल्याने पडतो त्याच्यापेक्षा मोठा निघाला. अशा अभ्यासातून अमक्यामुळेच तमकं झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण गणिताचं ऐकून बाबा दोन मिनिटं गप्प बसतील.

हे झालं बाबांसाठी. तू मात्र हे डोक्यात ठेवून कथा वाचायला बसू नकोस, नाहीतर तो अर्धा तास पण सिलॅबस होऊन जाईल, मार्जिनमध्ये पेन्सिलने नवीन शब्द उतरवत बसशील आणि गोष्टीतली बाई रडतेय की हसतेय तिकडे लक्षच जाणार नाही. ज्या मैत्रिणी फायदा विचारतात त्या जेवणानंतर काय करतात? रील बघत असतील. रीलचा फायदा कोणी विचारत नाही, बरोबर ना? वाचणाऱ्यालाच पावती मागतात सगळे, कारण पुस्तक म्हटलं की अभ्यास हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की नुसतं मजेत वाचणारी मुलगी म्हणजे काहीतरी चोरी करतेय असं वाटतं. तुलाही वाटायला लागलं, तेच मला खटकलं. दिवसभर राज्यघटनेची कलमं आणि चालू घडामोडी कोंबल्यावर अर्धा तास एखाद्या परक्या घरात शिरून यावंसं वाटणारच की.

आता प्रॅक्टिकल. कथा ठीक, एका बैठकीत संपते. जाड कादंबरी पूर्वपरीक्षेच्या तोंडावर सुरू करू नको, अर्ध्या तासाचे चार तास कधी होतील कळायचं नाही. आणि आपल्या नागपूरच्या ग्रेसच्या कविता तर अजिबात नको, एकेका ओळीवर अख्खी दुपार जाते, त्या रिझल्टनंतर.

प्रश्न: ताई, कमी पैशात चांगली मराठी पुस्तकं नागपुरात कुठे मिळतील? कथा-कविता असं नाही, काहीही चालेल.
— इंजिनिअरिंगचा पोट्टा, हिंगणा रोड

उत्तर: काहीही चालेल म्हणणारा वाचक मला फार आवडतो. एक तर घराजवळचं सार्वजनिक वाचनालय शोध. आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, सरकारमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं, म्हणून वर्गणी मामुली असते. कपाटाला कुलूप असेल तर चावी मागायची, लाजायचं नाही, पुष्कळदा कपाट उघडायला सांगणारा तू पहिलाच असशील.

विकत घ्यायची असतील तर दसऱ्यापर्यंत थांब आणि दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली, तो दसऱ्याचा दिवस होता, तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला तिथे लाखोंनी लोक येतात आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात ते बघण्यासारखे असतात. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेपासून सरकारने छापलेल्या बाबासाहेबांच्या जाड खंडांपर्यंत, आत्मकथनं, इतिहास, कविता, कायदा, सगळं जमिनीवर ताडपत्रीवर मांडलेलं. लांबून रात्रभर प्रवास करून आलेली बाई डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवते, पुस्तक उलटं करून आधी किंमत बघते, मग तिथेच उभ्या उभ्या पहिलं पान वाचते, मग पदरातल्या गाठीतून पैसे काढते. तिला कोणी पानाला दोन रुपये देत नाही.

त्या दिवशी गाडी आणू नको, आतले रस्ते बंद असतात. लोकमान्य नगरहून मेट्रो धर, सीताबर्डीला बदल, रहाटे कॉलनीला उतर आणि चालत जा. सरकारी खंड हवे असतील तर सकाळी लवकर, संपतात. सॅक रिकामी ने, आणि सुट्टे ठेव.