शब्दशंका : ‘पर्मिएट’ म्हणजे झिरपणे की भिनणे?

प्रश्न : मी एका सामाजिक संस्थेच्या इंग्रजी अहवालाचे मराठी भाषांतर करते. कामगार वस्तीवरील प्रकरणात ‘काम जाण्याची भीती एव्हरी कॉन्व्हर्सेशन पर्मिएट करते’ अशा अर्थाचे एक वाक्य आहे. मी ‘प्रत्येक संभाषणात भीती झिरपते’ असे लिहिले, पण सहकाऱ्यांना ‘झिरपते’ खटकले. पर्मिएट या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, ते आले कुठून, आणि पर्व्हेडपेक्षा ते वेगळे कसे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे, आणि तो का रास्त आहे हे शब्दाच्या मुळाशी गेल्यावर कळते. पर्मिएट हे क्रियापद लॅटिनमधून आले आहे. त्यातील ‘पेर’ म्हणजे आरपार, आणि ‘मेआरे’ म्हणजे जाणे, वाट काढणे. (हा ‘पेर’ आणि आपला ‘परि’ हा उपसर्ग एकाच मूळ कुळातले आहेत.) वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कानाच्या बाहेरील मार्गासाठी ‘मीएटस’ हा शब्द शिकावा लागतो, तोही याच ‘मेआरे’पासून झाला आहे. म्हणजे वाट ही कल्पना या शब्दाच्या हाडीमाशी आहे. एखाद्या पदार्थात बारीक वाटा असतात, त्यांतून दुसरा पदार्थ आत शिरतो आणि शेवटी कणाकणापर्यंत पोहोचतो, हा पर्मिएटचा मूळ अर्थ आहे.

लिंबाचे लोणचे घातल्यावर आठवडाभराने एक फोड कापून पाहावी. कडेला मसाल्याचा रंग चढलेला असतो, पण सालीखालचा पांढरा थर अजून पांढराच असतो आणि चवीला कडू लागतो. तीच बरणी काही महिन्यांनी उघडली तर तो पांढरा थर उरलेलाच नसतो. साल, गर आणि त्यांमधला भाग एकाच तपकिरी रंगाचे झालेले असतात. या दुसऱ्या अवस्थेला आपण लोणचे मुरले असे म्हणतो, आणि पर्मिएट या क्रियापदात हीच अवस्था अभिप्रेत असते. नुसते आत शिरणे त्याला पुरेसे नाही. आत शिरण्यासाठी इंग्रजीत पेनिट्रेट आहे, जे एका जागी घुसले तरी चालते.

झिरपणे येथे का चालत नाही, तेही आता स्पष्ट होईल. झिरपण्यात थेंबाथेंबाने, बहुधा वरून खाली, जाण्याची क्रिया दिसते. ज्यातून पाणी झिरपते ती वस्तू पूर्ण भरून गेली आहे की नाही, याबद्दल ते क्रियापद काहीच सांगत नाही. ‘योजनेचे लाभ तळापर्यंत झिरपले’ हे वाक्य उत्तम आहे, कारण तेथे वरून खाली जाणेच सांगायचे असते. भीती मात्र वरून खाली ठिबकत नाही.

पर्व्हेड हे पर्मिएटचे जवळचे भावंड. दोन्ही क्रियापदे इंग्रजीत सतराव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. पर्व्हेडमध्येही ‘पेर’ आहेच, पण पुढे ‘वादेरे’ म्हणजे चालून जाणे हा धातू आहे. बाहेरून आत चालून येणारा इन्व्हेड करतो, निसटून बाहेर पडणारा इव्हेड करतो, आणि सगळीकडे फिरून राहणारा पर्व्हेड करतो. पर्व्हेडला छिद्रांची, वाटांची गरज नसते. सर्वत्र असणे एवढेच त्याचे सांगणे असते. त्यामुळे वातावरण, गंध, मनःस्थिती यांच्यासाठी ते अधिक वापरले जाते. गीतेच्या नवव्या अध्यायातील ‘मया ततमिदं सर्वम्’ या चरणाच्या इंग्रजी भाषांतरांत पर्व्हेड वारंवार आढळते, ते याचमुळे. आपल्या ‘व्यापणे’शी त्याचे चांगले जुळते.

या दोघांच्या विशेषणांकडे लक्ष दिले तर फरक पक्का लक्षात राहील. पर्व्हेसिव्ह हे पसरणाऱ्या गोष्टीचे विशेषण आहे. भ्रष्टाचार पर्व्हेसिव्ह असतो, वास पर्व्हेसिव्ह असतो. पर्मिएबल हे मात्र ज्यातून काही आरपार जाऊ शकते त्या वस्तूचे विशेषण आहे. माठ पर्मिएबल असतो, त्यातले पाणी नव्हे. मराठी विज्ञानलेखनात यासाठी ‘पार्य’ आणि भाववाचक ‘पार्यता’ हे शब्द वापरले जातात. ते मला फार नेमके वाटतात, आणि ते अधिक वापरात यावेत असे मनापासून वाटते. नुसते ‘सच्छिद्र’ म्हणून भागत नाही, हे आपल्या काळ्या पाषाणानेच दाखवून दिले आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्टने व्यापलेला आहे, आणि त्याच्या काही थरांत वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेली असंख्य छिद्रे असतात. पण ती एकमेकांना जोडलेली नसतील तर त्यांतून पाणी पुढे सरकत नाही. असा खडक सच्छिद्र असूनही पार्य नसतो. जेथे भेगा असतात किंवा खडक झिजलेला असतो तेथेच पाणी मुरते आणि विहिरीला लागते.

वापराबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पर्व्हेड हे सकर्मक असल्याने त्याच्यापुढे ‘थ्रू’ लावणे चूक ठरते. पर्मिएटपुढे ते चालते, पण बहुतेक वेळा नकोच असते. दुसरी गोष्ट भाषांतरकारासाठी अधिक महत्त्वाची आहे. ही इंग्रजी क्रियापदे जागेला कर्म बनवतात, तर मराठीत आपण जागेला सप्तमीत ठेवतो. मीठ फोडीत मुरते, विष अंगात भिनते, सुगंध घरभर दरवळतो. ‘व्यापणे’ सोडले तर यांतले कोणतेही क्रियापद जागेला कर्म म्हणून घेत नाही, म्हणून इंग्रजी वाक्याची घडण जशीच्या तशी आणली की वाक्य अवघडते. शिवाय प्रत्येक क्रियापदाची स्वतःची संगत ठरलेली आहे. भिनणे रक्ताशी आणि अंगाशी जाते. मुरणे वेळ घेते, आणि ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ म्हटले की थेट संशयच सूचित होतो.

आता आपले वाक्य. ‘प्रत्येक संभाषण काम जाण्याच्या भीतीने व्यापलेले आहे’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण वस्तीतल्या बोलण्याबद्दल लिहिताना ते जड होते. मी असे लिहीन : ‘वस्तीत बोलणे कोणत्याही विषयावर निघो, काम जाण्याची भीती त्यात असतेच.’ येथे पर्मिएटसाठी वेगळे क्रियापद उरले नाही, तरी ‘कोणत्याही’ आणि ‘असतेच’ हे दोन शब्द मिळून त्याचे काम पूर्ण करतात.